सुंठीची माणसं

मनूचा फोन आला तेव्हा मी गंगेपलीकडे रामनगरच्या घरी दुधावरची साय काढत होते. मनू ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. नोएडाला नोकरीला असते, दिवाळीसाठी आली आणि आईची तब्येत बघून थांबली होती. माझ्याशी ती मराठीतच बोलते, तशी वहिनीची सक्त ताकीद होती. त्या सकाळी ती म्हणाली, "आत्या, आई उठ नहीं रही है…" आणि पुढे नुसताच श्वास ऐकू येत राहिला. तिनं भाषा बदलली तिथेच मला कळलं. सायीची वाटी हातात तशीच धरून मी ऑटोत बसले, आणि पूल ओलांडल्यावर लक्षात आलं की पायात चपला नाहीत.

त्याला आता सहा आठवडे होतील. काशीत राहून मराठी घर टिकवलेल्या बाईबद्दल लिहा, असं ज्यांनी मला सुचवलं त्यांना काहीतरी गोड हवं असणार. माझ्याकडे गोड आहे ते फक्त बिस्किटांपुरतं.

वहिनी गेली त्याच्या दोन दिवस आधीच मी तिला भेटले होते. पलंगावर पाय पसरून बसली होती, मांडीत लोखंडी खलबत्ता, आणि सुंठ कुटत होती. चार घाव घालायचे की थांबायचं, छातीवर हात ठेवायचा, मग पुन्हा चार घाव. मी खलबत्ता ओढून घ्यायला गेले तर म्हणाली, "वन्सं, लुडबुड करू नका. कुटणं माझं, यंदा लाटणं तुमचं." मी चौदा वर्षांची असल्यापासून ती मला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची, ती तिची थट्टा होती आणि पुढे तिची सवय झाली. कुटलेली सुंठ तिनं मलमलीतून चाळली, काचेच्या बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं. डिसेंबर जवळ आला होता, आणि डिसेंबरात आमच्या घरी जिंजरब्रेड, म्हणजे सुंठीची बिस्किटं, होणार हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नसे.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, भिक्षुक. पण लग्नमुंजींचे नव्हेत. माणूस गेल्यावर जे जे करायचं असतं ते सगळं अण्णांकडे असायचं. त्यातही एक काम खास त्यांचं. कुणी नदीत गेला, कुणी परमुलखात, ज्याचं शरीरच हाती लागलं नाही, अशाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागतो. पळसाचे देठ दर्भानं बांधायचे, त्यावर जवाचं पीठ लिंपायचं, डोक्याच्या जागी नारळ. अण्णांच्या हातचा पुतळा इतका नेटका व्हायचा की लांबलांबचे लोक त्यांना शोधत यायचे. त्यामुळे भिजवलेल्या पिठाला माणसाचा आकार देणं याचा आमच्या घरात एकच अर्थ होता. लहानपणी मी कणकेच्या गोळ्याची बाहुली केली म्हणून आईनं माझ्या हातावर लाटणं मारलं होतं.

वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. ती मुगलसरायच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील मालगाडीवर गार्ड. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन बाई राहायची, तिला सगळी कॉलनी रोझी आंटी म्हणायची. डिसेंबर लागला की कॉलनीतली पोरं आंटीच्या स्वयंपाकघरात गोळा. आंटी देश सोडून गेली तेव्हा तिनं वहिनीला एका डब्यात घालून पत्र्याचे तीन साचे दिले होते, एक तारा, एक झाड आणि एक माणूस. लग्नातल्या भांड्यांबरोबर ते साचे आमच्या घरी आले. अंड्याऐवजी दही, आंटीच्या विलायती काळ्या पाकाऐवजी काकवी, आणि भट्टी म्हणजे जाड बुडाचं पातेलं. पातेल्यात गंगेच्या पलीकडच्या रेतीतली वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर थाळी, वर झाकण आणि झाकणावर निखारे. सुंठ, लवंग, दालचिनी, काकवी… तो वास जिन्यानं खालच्या मजल्यापर्यंत उतरायचा. आमच्या जिन्याला तोवर धुराचा आणि ओल्या धोतरांचाच वास होता.

तो पहिला डिसेंबर मी विसरू शकत नाही. गच्चीवर उन्हात थाळी, थाळीत पाच माणसं ओळीनं निजलेली, हात पसरून, डोळ्यांच्या जागी लवंगा. अण्णा घाटावरून आले आणि दारातच उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "हे कुणाचे?" त्यांनी विचारलं. वहिनीला वाटलं, सासऱ्यांना कौतुक वाटतंय. तिनं आनंदानं एकेकावर बोट ठेवलं. "सगळ्यांचे, अण्णा. हा मोठा तुमचा, हा आईंचा, हा यांचा, हा वन्संचा आणि हा कडेचा माझा." अण्णा मागे वळले आणि डिसेंबरच्या थंडीत अंगावरच्या कपड्यांनिशी गंगेत बुडी मारून आले. आईनं पाचही माणसं पदरात भरली आणि नदीत टाकली. वहिनी एकवीस वर्षांची होती, गच्चीच्या कोपऱ्यात रडत बसली. संध्याकाळी अण्णांनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, तुझी चूक नाही. तुझ्याकडे हे खायचं असतं, आमच्याकडे हे जाळायचं असतं," एवढंच ते म्हणाले, आणि माणसाचा साचा वापरायचा नाही असं ठरलं.

दादानं तो साचा आईच्या नकळत केराच्या टोपलीतून काढला आणि बँकेच्या पिशवीत लपवला. दादा म्हणजे माझा भाऊ, अण्णांची गादी न चालवता बँकेत कारकून झालेला, घरातला एकटाच माणूस जो मोठ्यानं हसायचा. दर डिसेंबरात तारे आणि झाडं उघड व्हायची, आणि चोरून एक माणूस, फक्त दादासाठी. गच्चीवर भिंतीआड उभा राहून तो खायचा, नेहमी डोक्यापासून. "पायापासून सुरुवात केली तर बिचाऱ्याला शेवटपर्यंत दिसत राहतं," असं म्हणायचा आणि वहिनी हसून हसून खाली बसायची. मी पहाऱ्याला उभी असायचे, मला ताऱ्याची लाच मिळायची.

आठव्या डिसेंबरात वाळू बदलायला झाली होती. जुनी काळी पडली होती, बिस्किटांना करपट वास लागत होता, आणि वहिनीनं तसं म्हटलं. रविवार होता. दादा पिशवी घेऊन घाटावर गेला. दाट धुकं होतं. "कोहरा छँट जाने दीजिए, भैया," असं नावाडी म्हणाला होता, ते त्यानं पुढे आम्हाला कितीदा तरी सांगितलं. "अरे अभी आते हैं," म्हणून दादा होडीत बसला. मधल्या धारेत धुक्यातून मोठी नाव आली आणि होडी उलटली. नावाडी पोहून निघाला. दादाचा मफलर सापडला, पिशवी सापडली. दादा सापडला नाही. पाणबुडे चार दिवस शोधत होते आणि त्या चारही दिवसांत ओल्या फडक्याखाली मळून ठेवलेलं ते पीठ ओट्यावर तसंच होतं, शेवटी सुरीनं खरवडून काढावं लागलं. मनू तेव्हा चार वर्षांची होती. माझं लग्न होऊन मी रामनगरला आले होते, म्हणजे ज्या तीराला तो निघाला होता त्याच तीराला.

आई वहिनीला जे बोलली ते लिहिताना आजही हात थांबतो. "तुझ्या वाळूपायी गेला," हे तर ती म्हणालीच, पण त्या पाच माणसांचं तिनं पुन्हा उकरून काढलं. "पाच करून ठेवली होतीस, त्यातला एक गेला." वहिनीनं तोंड उघडलं ते फक्त अण्णा पुतळ्याची तयारी करायला निघाले तेव्हा. म्हणाली, "बुडताना पाहिलं, पण गेलेलं कुणी पाहिलं? ठावठिकाणा नाही त्याच्यासाठी बारा वर्षं थांबायचं असतं, हे तुम्हीच लोकांना सांगता ना, अण्णा?" जन्मभर लोकांना शास्त्र सांगितलेल्या माणसाला तिनं त्याच शास्त्रात अडवलं. अण्णांनी पळसाचे देठ परत ठेवून दिले. वहिनीचं कुंकू राहिलं, मंगळसूत्र राहिलं, आणि गल्लीला बोलायला विषय मिळाला.

पुढच्या डिसेंबरात तिनं पातेलं काढलं. वाळूऐवजी खडेमीठ घातलं, त्यानंतर कधीच वाळू नाही. तारे नाहीत, झाडं नाहीत, एकच माणूस, आणि तो उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. आई उठून बाहेर गेली. अण्णा बघत राहिले. "अण्णा, जाळायचा असतो तो जवाचा," वहिनी म्हणाली. "हा मैद्याचा आहे. हा खायचा." तो माणूस पुढे कुठे जायचा हे कुणी विचारलं नाही. तीच खात असेल असं मी धरून चालले होते.

अशी बारा वर्षं गेली. मधे आई गेली, अण्णा अंथरुणाला खिळले आणि त्यांचं सगळं वहिनीच करत होती, भरवण्यापासून पुसण्यापर्यंत. पण मागायचं ते त्यांनी माझ्याकडे मागितलं. मी गेले की हात धरायचे. "दुसऱ्यांच्या पोरांना वाटेला लावलं मी. माझंच तेवढं अडकून पडलंय. ते मोकळं झाल्याशिवाय मला जाता येत नाही गं…" बाप असा रडताना बघवत नाही. मी वहिनीकडे विषय काढला. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ती बारा वर्षं अण्णांच्या शास्त्राची होती, वन्सं. माझी अजून संपली नाहीत." मला राग आला. खरं सांगते, मला तिचा फार राग आला. तिच्या हट्टापायी माझे वडील तडफडतायत, एवढंच मला दिसत होतं.

आणि मी ते केलं. भाद्रपदात, पितृपक्षात, वहिनीला न सांगता. अण्णांचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून येते, असं सांगून मी निघाले. माझा चुलतभाऊ विनायक, तोही भिक्षुक, कर्ता म्हणून बसला. पिशाचमोचन कुंडावर विधी झाला. जवाचं पीठ मी स्वतः भिजवून दिलं होतं. विनायकानं ते देठांवर लिंपलं, नारळ ठेवला, आणि पळसाची ती माणसाएवढी मोळी बघून मला दादाची उंची आठवली. मग घाटावर नेऊन अग्नी दिला. माणूस जळायला किती वेळ लागतो हे त्या घाटांवर वाढलेल्या मला माहीत होतं. हा फार लवकर संपला. घरी येऊन मी अण्णांच्या कानात सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, आणि महिन्याच्या आत ते शांतपणे गेले. वहिनी कुणाला तरी म्हणाली, "कुणाची वाट बघत होते कोण जाणे, पण सुटले." मी तिथेच बसले होते.

तिला कळलं असेल का, हा प्रश्न मी स्वतःला फारसा विचारला नाही. विनायक दुसऱ्या दिवशी अण्णांना बघायला आला होता, गांधी टोपी घालून. पाणी पिताना टोपी मागे सरकली आणि तुळतुळीत डोकं दिसलं. वहिनीनं बघितलं. तो गडबडीनं म्हणाला, "दूरचे एक मामा गेले." वहिनी "बरं" म्हणाली आणि गुळाचा खडा पुढे केला. मी मनात म्हटलं, निभावलं.

त्या डिसेंबरात तिनं मला नेहमीसारखं बोलावलं. माणूस भाजून झाला होता. तिनं पाट मांडला, मी बसणार तोच उठवून तो वळवला, "इकडे तोंड करून बसा," म्हणाली. पुढ्यात बशी ठेवली. "घ्या वन्सं. यंदापासून हा तुम्ही खायचा. डोक्यापासून." मी खाल्ला. सुंठ घशाला लागत होती, लवंग जिभेवर बोचत होती, आणि ती समोर जमिनीवर बसून मी संपवेपर्यंत बघत होती. संपल्यावर तांब्या घेऊन आली, माझ्या हातावर पाणी घातलं आणि विचारलं, "तृप्त?" रेल्वेवाल्याच्या मुलीच्या तोंडी तो शब्द ऐकून मला हसू आलं. "तृप्त," मी म्हटलं. असे बावीस डिसेंबर झाले. पातेलं जाऊन गोल ओव्हन आला, तिचे केस पिकले, माझे पिकले. पाट वळवणं, डोक्यापासून खाणं, हातावर पाणी आणि तो प्रश्न यांत एकदाही बदल झाला नाही. मला ते लाड वाटायचे. एवढं करूनही ही मला भावाच्या जागी धरते, असं वाटून मी आतून शरमायचे आणि खायचे.

त्या सकाळी मी अनवाणी जिना चढून गेले तेव्हा बायका जमल्या होत्या. समोरच्या जोशीकाकूंनी वहिनीचं कपाट उघडलं होतं. त्यांनी विचारलं, "सवाष्णीचंच लेणं करायचं ना?" एक-दोघींनी एकमेकींकडे बघितलं. गल्लीला हा प्रश्न चौतीस वर्षं पडलेला होता. दारात विनायक उभा होता, आता सत्तरीचा, काठी टेकत. तो फक्त माझ्याकडे बघत होता. पितृपक्षात आम्ही दोघांनी जे केलं त्या हिशेबानं वहिनी त्याच दिवशी विधवा झाली होती, आणि हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मनू आईच्या पायाशी बसली होती. मी म्हटलं, "हो. हिरवी साडी काढा. मळवट भरा." विनायकानं मान खाली घातली. घाटावर जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तू बोललीस ते बरं केलंस. मला विचारलं असतं तर मला जमलं नसतं." मला ते बरं वगैरे काही वाटलं नाही. मी दुसऱ्यांदा तिच्या वतीनं ठरवलं होतं, इतकंच.

गेल्या आठवड्यात मनू परत आली. घर रिकामं करायचं आहे, मालकाला जागा हवी आहे. फळीवर सुंठीची बरणी होती तशीच होती. मनू म्हणाली, "आत्या, करूया ना या वेळी? आईनं कुटून ठेवलीये." साचे शोधताना पलंगाखालच्या ट्रंकेत रोझी आंटीचा जुना पत्र्याचा डबा सापडला. झाकण गंजून बसलं होतं, उलथन्यानं उचकटावं लागलं. आत दादाच्या एका शर्टाच्या कापडाच्या घड्या होत्या, आणि प्रत्येक घडीत एक माणूस. दगडासारखे कडक, खालचे काळेकुट्ट, काहींचे हात मोडलेले, डोळ्यांच्या लवंगा मात्र सगळ्यांच्या शाबूत. मी बाहेर काढून फरशीवर मांडले. बारा होते. पुन्हा मोजले. बाराच.

दर वर्षी एक, तो आल्यावर त्याला द्यायचा म्हणून ठेवलेला. तेरावा त्यात नव्हता. तेरावा मी खाल्ला होता, आणि पुढचे सगळे.

मी अण्णांची मुलगी. श्राद्धाला गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी बसवतात, त्याचं तोंड उत्तरेला करतात, गेलेल्याला आवडायचं ते वाढतात, जेवण झालं की हातावर पाणी घालतात आणि विचारतात, तृप्त झालात? तो बसलेला गेलेल्याच्या वतीनं म्हणतो, तृप्त झालो. हे मी जन्मापासून ऐकलेलं. आणि बावीस वर्षं त्या पाटावर बसूनही मला कळलं नाही की तिला विनायकाचं डोकं बघितलं त्याच दिवशी सगळं समजलं होतं. तिनं डबा बंद केला, आणि ज्या बाईनं तिच्या नवऱ्याच्या पुतळ्याचं पीठ भिजवलं तिलाच त्याच्या जागी बसवून दर वर्षी त्याचं श्राद्ध केलं. मग कुंकू का लावत राहिली? मला तोंड उघडावं लागू नये म्हणून, असं मी एका रात्रीत दहा वेळा स्वतःला समजावते. अकराव्यांदा वाटतं, मला ते रोज दिसत राहावं म्हणून. तिला विचारता येत नाही.

मनूला मी सगळं सांगितलं. जवाच्या पिठापासून हिरव्या साडीपर्यंत. ती रागावेल म्हणून मी तयार होते. ती त्या बारा माणसांकडे बघत बसून राहिली, मग तिनं एकेकाला परत बापाच्या शर्टात गुंडाळलं आणि डबा मांडीवर घेतला. ओट्यावर सुंठीची बरणी उघडीच होती, खोलीभर तिचा वास होता.

"आत्या," ती म्हणाली, "इतक्या वर्षांत आईनं तुला काहीच विचारलं नाही?"

"विचारायची. दर वर्षी."

"आणि तू?"

"मी तृप्त म्हणायचे."